वाटणीतली डिक्शनरी

कचेरीत अर्ज फेटाळायचा तर कारण लिहावं लागतं. कारण लिहायचं तर अर्ज काय म्हणतो ते आधी कळावं लागतं. आमच्या तालुक्याच्या कचेरीत ही साधी गोष्ट सगळ्यात आधी कुणाच्या ध्यानात आली असेल तर ती बाहेर लिंबाखाली बसणाऱ्या मारोतराव अर्जनविसाच्या. साहेब लोक बदलून आले, बदलून गेले, त्यांना ती कधीच उमगली नाही. मला उमगायला दोन वर्षं लागली. मी आवक-जावकच्या खिडकीत बसायचे आणि आलेल्या कागदावर शिक्का मारण्यापलीकडं मला कुणी काही विचारायचं नाही.

मी नोकरीला लागले अठ्ठ्याहत्तर साली. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मला आत बोलावलं. पुढ्यात एक अर्ज होता. तलाठी फेरफाराची नोंद करत नाही, एवढीच तक्रार. पण अर्ज इंग्रजीत, आणि त्यात 'प्रोक्रॅस्टिनेशन ऑफ द पुसिलॅनिमस तलाठी' असं लफ्फेदार अक्षरात लिहिलेलं.

"साळवेबाई, हा शब्द बघा जरा," साहेब म्हणाले.

"बघितला, साहेब."

"मग?"

"तुम्हीच सांगा, साहेब."

साहेबांनी हेडक्लार्कला बोलावलं. हेडक्लार्कनं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाला, "फार जुना शब्द आहे." अव्वल कारकून म्हणाला, "संदर्भानं लागतो अर्थ." कुणीही 'मला येत नाही' म्हणालं नाही. शेवटी साहेबांनी लाल शाईनं शेरा मारला, 'तात्काळ कार्यवाही व्हावी', आणि अंगातलं भूत उतरल्यासारखे खुर्चीत मागं टेकले. दुसऱ्या दिवशी तो तलाठी माझ्या खिडकीशी आला. तोंड उतरलेलं. हळूच विचारतो, "बाई, त्ये पुसिल का काय, त्ये कलम कितीचं हाय?" नोंद त्यानं त्याच दिवशी केली.

त्या शब्दाचा अर्थ नेभळट, हे मला नंतर खुद्द मारोतरावांनीच सांगितलं.

माणूस दिसायला अगदी साधा. पायजमा, वर नेहरू शर्ट, डोक्याला काळी टोपी. घडीचं टेबल, त्याच्या एका पायाखाली विटेचा तुकडा. टेबलावर शाईची दौत आणि लाल फडक्यात बांधलेलं एक जाड पुस्तक. अर्ज सांगायला माणूस आला की मारोतराव डोळे मिटायचे आणि त्याचं सगळं बयान ऐकून घ्यायचे. चुलत्यापासून चुलत्याच्या बैलापर्यंत सगळं. मग डोळे उघडून म्हणायचे, "झालं? आता यातलं खरं किती ते सांग." निम्मे लोक तिथंच हसायचे आणि खरं सांगून टाकायचे. मग फडकं सोडलं जायचं. बोटाला थुंकी लावून पानं उलटायची, शब्द सापडला की मान डोलवायची, आणि तो शब्द आधी पक्षकाराला मोठ्यानं ऐकवायचा. "रिकॅल्सिट्रंट. कसा वाटतो?" खेड्यातला माणूस दोन्ही हात जोडून म्हणायचा, "लय जबर हाय जी. दोनदा लिवा."

आता यात गंमत अशी की मारोतरावांच्या सगळ्या भारी शब्दांची सुरुवात कुठून व्हायची ते माझ्या ध्यानात यायला लागलं. पॉसिटी, पेन्युरी, ओडियस, क्वेरुलस, टॅसिटर्न, व्हिसिसिट्यूड. सगळे 'एम'च्या पुढचे. झरीच्या लोकांनी हातपंपासाठी अर्ज दिला, तर त्यात दुष्काळ नव्हता, 'पॉसिटी ऑफ वॉटर' होती. एका विधवेच्या अर्जात भूक नव्हती, 'स्टार्व्हेशन' होतं. एकदा डबा खाताना मी सहज विचारलं, "मारोतराव, 'ए'पासूनचे शब्द तुम्हाला आवडत नाहीत का हो?"

त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "आवडतात की. पर त्ये दादाकड हायत."

मग त्यांनी सांगितलं. मी हसत ऐकायला लागले आणि शेवटी हसू कुठं गेलं ते कळलं नाही.

गाव पेडगाव. बाप शाळा तपासणाऱ्या एका साहेबाचा शिपाई होता. तो साहेब बदलून जाताना बक्षीस म्हणून आपली इंग्रजी-मराठी डिक्शनरी शिपायाला देऊन गेला. शिपायाला अक्षर येत नव्हतं. त्यानं ती देवळीत ठेवली, दर दसऱ्याला विळ्याखुरप्याबरोबर तिला हळद-कुंकू वाहिलं, आणि एके दिवशी मरून गेला. मागं दोन भाऊ. थोरला अंबादास, चौथीपर्यंत शिकलेला. धाकटा मारोती, मॅट्रिकला बसलेला आणि फक्त इंग्रजीत नापास झालेला.

वाटणीचा रिवाज ठरलेला. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही आणि धाकट्याला पुढं बोलायला तोंड राहत नाही. तीन दिवस पंच बसले. जमीन झाली, बैल झाले, भांडी झाली. जात्याचे दोन दगडसुद्धा दोन घरी निघाले होते, वहिनी मध्ये आडवी आली म्हणून राहिले. सगळ्यात शेवटी राहिली डिक्शनरी. सगळ्यांना वाटलं, ती धाकट्याची. थोरल्याला ए बी सी डी येत नाही, तो काय करणार? पण अंबादास म्हणाला, "बापाची वस्तू हाय. हक्क म्हंजे हक्क."

पंच कंटाळले होते. म्हणाले, "मंग करा दोन."

अंबादासनं विळा आणला. पुस्तक मधोमध उघडलं, पाठीवरून विळा ओढला आणि दोन भाग घोंगडीवर मांडले. "उचल."

"आणि तुम्ही मागचा भाग उचललात?" मी म्हणाले.

"मागं रंगीत चित्रं होती ओ बाई. देशादेशाचे झेंडे. आन् बोटभर जाड पण होता." मारोतरावांनी तुकडा तोंडात टाकला. "रात्री घरी जाऊन उघडलं तवा कळलं, 'एल' सरता सरता विळा फिरलाय. 'ए'पासूनचं सगळं गेलं. पर बोलू कुणाला? उचलला तर मीच."

दुसऱ्या दिवशी एक शब्द बघायचा म्हणून ते भावाच्या दारात गेले. अंबादास म्हणाला, "बांध वलांडू नको." तेवढंच. त्यावर यांनीही काही ऐकवलं असणार, ते त्यांनी मला सांगितलं नाही. तेव्हापासून दोघांचा अबोला. मारोतरावांनी जमीन बटईनं लावली आणि तालुक्याला येऊन लिंबाखाली टेबल टाकलं.

"अहो, एक नवी डिक्शनरी घ्या ना. किंवा हायस्कूलमध्ये जाऊन बघा," मी म्हणाले.

यावर ते असे बघायला लागले की जणू मी त्यांना चोरी करायला सांगितली. मग मला समजावून सांगितलं. साधे शब्द सगळ्यांचे. हाउस, वॉटर, फादर. ते गायरान, कुणीही चारावं. भारी शब्द मात्र ज्याच्या वाट्याला आले त्याचे. दुसऱ्याच्या पुस्तकातून आणायचे म्हणजे दुसऱ्याच्या बांधावरचं गवत कापायचं. मी कपाळाला हात लावला.

आणखी एक गोष्ट. विळा फिरला तो नेमका एका शब्दावर. शब्द थोरल्याच्या शेवटच्या पानावर तळाला राहिला आणि त्याचा अर्थ धाकट्याच्या पहिल्या पानावर माथ्याला आला. त्यामुळं मारोतरावांच्या अर्ध्या डिक्शनरीची पहिली ओळ म्हणजे मालक नसलेला एक अर्थ. 'खिन्न, शोकमग्न, विशेषतः कारण लहान असताना प्रमाणाबाहेर दुःखी दिसणारा, रडतोंड्या.' रोज सकाळी टेबल मांडून झालं की उदबत्ती लावायची आणि ही ओळ पुटपुटायची. लोक समजायचे, स्तोत्र म्हणायलेत. एकदा एका पोरगेल्या तलाठ्यानं 'तो शब्द मी शोधून देतो' म्हणून पैज मारली. मारोतरावांनी त्याला टेबलावरून उठवलं. "वाटणीतलं हाय त्ये. भाईरून आणलेलं चालत न्हाई."

वरवर सगळा विनोदच होता. मीही घरी जाऊन नवऱ्याला नक्कल करून दाखवायचे. पण मी नोकरीला लागले त्याच साली एक गोष्ट घडली होती, ती सांगितल्याशिवाय हा माणूस पुरा होत नाही.

विद्यापीठाला नाव द्यायचा ठराव झाला आणि आमच्या भागातल्या वस्त्या पेटल्या. मी कुठल्या वस्तीतली ते आडनावावरून कचेरीत सगळ्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तेव्हा त्या दिवसांत माझ्याशी जास्तीचं कुणी बोलत नव्हतं. मी शिक्के मारत बसायचे. एके दिवशी दगडू नावाचा म्हातारा मारोतरावांच्या टेबलाशी येऊन उकिडवा बसला. घर जाळलेलं, कणगीतलं धान्य जळालेलं, अंगावरचं धोतर तेवढं राहिलेलं. आजूबाजूला मारोतरावांच्याच भावकीतले, गावाकडचे चार लोक उभे होते. मारोतराव म्हणाले, "उद्या या." मी खिडकीतून बघत होते. अशी सणक गेली डोक्यात! म्हटलं, हाही तसलाच.

पण दुसऱ्या दिवशी दगडू आला आणि मारोतरावांनी खरंच लिहिलं. पहिला अर्ज साध्या मराठीत होता. 'माझे घर जाळले. धान्य जळाले. जाळणाऱ्यांची नावे खालीलप्रमाणे.' साहेबांनी वाचला. त्यांना शब्द न् शब्द कळला. कळला म्हणूनच त्यांनी शेरा मारला, 'पुरावा जोडावा', आणि तासाभरात अर्ज परत.

मारोतरावांनी तो कागद हातात घेतला, वाचला आणि फडकं सोडलं. मी पाण्याला म्हणून बाहेर गेले तर ते पानं उलटत बसलेले.

"घर जाळन्याला विंग्रजीत एकच शब्द हाय, बाई. आर्सन. शाळंत ऐकला होता."

"मग लिहा की."

"'ए'मधला हाय. भारी हाय. माझ्या वाट्याचा न्हाई."

मग मात्र मी सोडलं नाही. "लाज वाटती का मारोतराव? म्हाताऱ्याच्या डोक्यावर छप्पर नाही आणि तुम्ही बांध बघता? जळाली ती तुमच्या दादाची पानं नव्हेत!" कचेरीच्या व्हरांड्यात सगळे बघायला लागले. नवी नोकरी, त्यात मी कोण, त्यात तो काळ. तरी बोलले.

त्यांनी दौत पुढं ओढली. संध्याकाळपर्यंत लिहीत बसले. अर्जात 'आर्सन' नव्हताच, हट्टी माणूस! पण नेफेरियस होता, ओडियस होता, ट्रॅव्हेस्टी होता, टँटामाउंट होता, अनकॉन्शनेबल होता. साहेबांनी तो कागद तीनदा वाचला. एक अक्षर कळेना. हा कुणीतरी बॅरिस्टर मागं आहे असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी तो अर्ज मार्गदर्शनासाठी थेट जिल्ह्याला पाठवला. जिल्ह्याहून माणसं आली, पंचनामा झाला. दगडूला छपराला पत्रे मिळाले, उशिरा का होईना.

त्यानंतर महिनाभर भावकीतलं कुणी मारोतरावांच्या टेबलाकडं फिरकलं नाही. ते आपले एकटेच झेंड्यांची चित्रं बघत बसायचे. मी रोज त्यांना चहा नेऊन द्यायला लागले. आमची ओळख खरी तिथून.

वर्षं गेली. पेडगावचा एक माणूस बाजाराला यायचा, तो एकदा सांगायला लागला की अंबादास म्हातारपणी येडा झालाय. बसकण मारणाऱ्या बैलाला 'इंडोलंट' म्हणतो, सरपंचाला 'बेलिकोज' म्हणतो आणि दुपारी अर्धीच भाकर खाऊन स्वतःला 'अॅब्स्टीमियस' म्हणवून घेतो. पोरगी कमल शिकलेली, ती रोज दिवेलागणीला त्याला पुस्तकातला एक शब्द वाचून दाखवते, तो पाठ करतो.

मारोतरावांची लेखणी थांबली. "खोटं. त्याला ए बी सी डी येत न्हाई."

"कानानं शिकलाय ना जी."

मारोतराव खाली मान घालून पुन्हा लिहायला लागले. थोड्या वेळानं, मान न उचलता, "बेलिकोजचा अर्थ काय म्हणला?"

"भांडखोर."

"बरा हाय शब्द," ते म्हणाले. आणि वापरला मात्र कधीच नाही.

त्र्याण्णव सरता सरता कमल स्वतः आली. शिक्षिका झाली होती, अंगावर साधी साडी, पायांत धूळ. टेबलासमोर उभी राहिली आणि वाकून पाया पडली. मारोतरावांनी तिला ओळखलंच नाही. पाळण्यात असताना बघितलेली.

"काका, आबा लय आजारी हायत. उठवत न्हाई. त्यांनी एकच इचारलंय. शेवटच्या शब्दाचा अर्थ इचारून ये म्हनले."

मारोतरावांच्या हातातलं टोपण खाली पडलं. "शब्द कोंचा?"

"सांगू नको म्हनलेत. आधी अर्थ आन म्हनले."

"आसं? मंग त्याला म्हणावं, आधी शब्द धाड."

पोरगी रडवेली झाली. मी खिडकीतून उठून बाहेर आले. "मारोतराव, अहो, माणूस अंथरुणाला खिळलाय. जा की."

"म्या कशाला जाऊ? बांध वलांडू नको म्हनला त्यो. त्यानं बोलवावं."

"बोलावलंच की हो हे. पोरगी काय फिरायला आलीय?"

"अर्थ मागितलाय. मला न्हाई बोलवलं." आणि टोपण उचलून लेखणीला लावलं. कमल गेली. मी त्या दिवशी त्यांना चहा दिला नाही.

पुढच्याच महिन्यात, संक्रांतीच्या दिवशी, विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. सोळा वर्षं. नवं नावही आलं आणि त्याच्या शेजारी जुनंही राहिलं. आमच्या वस्तीत हलग्या वाजल्या. मी कचेरीत तिळगूळ घेऊन गेले. सगळ्यांनी घेतला, काहींनी हसून, काहींनी नुसताच. मारोतरावांच्या हातावर ठेवला तर ते तोच बघत बसले.

"बाई, तिथं पण वाटणीच झाली की. अर्धं नाव तुमचं, अर्धं नाव आमचं."

मला राग आला आणि तो मी लपवला नाही. "त्या अर्ध्यासाठी माणसं गेली आमची, मारोतराव. दगडूबाबा घर बांधून त्यात दोन वर्षंसुद्धा राहिले नाहीत."

त्यांनी मान खाली घातली. "तसं न्हाई म्हणलो. माफी असावी."

"आणि वाटणी कुठली? दोन्ही नावं एका पाटीवर आली. सोळा वर्षांनी का होईना, सरकारला जमलं. तुम्हाला दोन भावांना वीस वर्षांत जमंना व्हय?"

त्यांनी तिळगूळ तोंडात टाकला, हात झटकले आणि बराच वेळ फडक्याच्या गाठीशी चाळा करत बसले. चार वाजता खिडकीशी आले.

"बाई, रविवारी मोकळ्या हाव का?"

"का?"

"पेडगावला जायचंय. पंच पायजे. अर्थाची जावक आन् शब्दाची आवक. तुमाला त्या कामाची सवय हाय."

हसावं का रडावं! पण गेले. एस.टी.त ते माझ्या पुढच्या सीटवर, मांडीवर लाल फडकं, दोन्ही हात त्याच्यावर. गाडी खड्ड्यात आदळली की पोर सांभाळावं तसं ते पुस्तक सावरायचे. फाट्यावर उतरलो तर पाय उचलेना. म्हणाले, "जरा तंबाखू खातो." मी म्हणाले, "चला."

अंबादासराव अंगणात उन्हाला बाजेवर पडले होते. हाडाचा सापळा. उशाशी पुस्तकाचा पहिला भाग आणि चुन्याची डबी. धाकटा अंगणाच्या कवाडाबाहेर उभा, थोरला आत. कमल तांब्या घेऊन मध्ये खोळंबलेली. शेवटी बाजेवरून आवाज आला. "पंच कोण आनलाय?"

"कचेरीतल्या बाई हायत. आवक-जावकच्या."

"बरं केलं. ये आत."

झालं. वीस वर्षं अडलेलं एवढ्यात झालं. मारोतराव आत येऊन बाजेच्या पायथ्याशी बसले.

"आधी अर्थ," थोरला म्हणाला.

"आधी शब्द," धाकटा म्हणाला.

मी पदर खोचला. "मी जाते. माझी साडेतीनची गाडी आहे."

मारोतरावांनी फडकं सोडलं. ती ओळ त्यांना झोपेत म्हणता आली असती, पण पान उघडून, बोट ठेवून, शाळेतल्या पोरासारखी वाचली. "खिन्न, शोकमग्न, विशेषतः कारण लहान असताना प्रमाणाबाहेर दुःखी दिसणारा." इथं आवाज फाटला. "रडतोंड्या."

अंबादासरावांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, पाठ करायले असावेत. मग म्हणाले, "कमल, वाच."

कमलनं पहिल्या भागाचं शेवटचं पान उघडलं. "लुगूब्रियस."

"लुगूब्रियस," मारोतराव म्हणाले. पुन्हा म्हणाले. "म्या समजलो, एवढासा शब्द आसंल."

"म्या समजलो, लय मोठा अर्थ आसंल. राजाबिजाचा." अंबादासराव जरा थांबले. "आरं, रडतोंड्या म्हंजे तूच की."

"न्हाई दादा. शब्द तुझ्याकड निगाला. तू."

"अर्थ तर तुझ्याकड व्हता ना रोज? मंग तू."

आणि दोघं हसायला लागले. थोरला हसता हसता खोकायला लागला, धाकट्यानं उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात तिथंच राहिला. त्यापुढं कोण हसत होतं आणि कोण रडत होतं ते मला सांगता यायचं नाही, कारण मला स्वतःला काही दिसत नव्हतं. माझी साडेतीनची गाडी गेली.

निघताना अंबादासराव आपला भाग पुढं करून म्हणाले, "घिऊन जा. मला पाठ हाय."

"वाटणी झालेली हाय, दादा. तुझा तुज्याकड ऱ्हाऊ दे. म्या येत जाईन बघाया."

गेले ते दर रविवारी. होळीनंतर अंबादासराव वारले.

तेरावा झाल्यावर मारोतराव खिडकीशी एक अर्ज घेऊन आले. कमलच्या वारसनोंदीचा. मराठीत होता आणि तीन ओळींचा होता. 'माझा थोरला भाऊ वारला. त्याच्या मागे एकच मुलगी आहे. तिची नोंद घ्यावी.'

"मारोतराव, एखादा तरी भारी शब्द टाका. नाहीतर साहेब कारण लिहून परत करतील."

"टाकला आसता, बाई. कमलनं दादाचा भाग आणून दिला. आता 'ए'पासून 'झेड'पर्यंत सगळे हायत माज्याकड." त्यांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. "रात्रभर बघितले. यात बसंल आसा एक बी सापडला न्हाई."

मी शिक्का मारला. अर्ज तिसऱ्या दिवशी परत आला, 'मृत्यूचा दाखला जोडावा' म्हणून. दाखला जोडला, नोंद झाली.

त्या दिवशी पाच वाजता मी घरी निघाले तेव्हा ते लिंबाखाली बसलेले होते. टेबलावर दोन्ही भाग, शेजारी शेजारी, न चिकटवलेले. पहिला भाग उघडा होता. पानोपानी, शिकलेल्या शब्दांशेजारी अंबादासरावांच्या बोटाचा एकेक चुन्याचा ठिपका होता, आणि मारोतराव एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर बोट नेत, ओठ हलवत वाचत होते. समोर झरीची तीन माणसं अर्जासाठी ताटकळत उभी होती. त्यातल्या एकानं खाकरून बघितलं.

"थांबा जरा," मारोतराव मान न उचलता म्हणाले. "आत्ता कुठं 'बी' लागलाय."